ब्रेकवरचा पाय

आमच्या ह्यांना गॅरेजात कुणी नावानं हाक मारत नाही. काटा म्हणतात. नट किती आवळायचा ते ह्यांच्या खांद्यालाच कळतं, आकड्यांचा पाना लागत नाही, म्हणून तराजूचा काटा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, स्वभावावरून ठेवलं असेल. तसं असतं तरी फार चुकलं नसतं.

आमच्याकडं शर्यतीच्या, वेगाच्या मोटारसायकली येतात. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र, एका दात्यानं लहान आणि मागचं दोन दात्यांनी मोठं केलं की वरचा वेग थोडा जातो, पण वळणातून बाहेर पडताना गाडी उसळी घेते. त्यात फार मजा आहे म्हणे. मला कसली मजा, माझा पाय दुखतो. पुढच्या स्प्रॉकेटचा नट सोडवताना नि आवळताना चाक फिरू नये म्हणून कुणालातरी मागचा ब्रेक दाबून धरावा लागतो, आणि एकोणतीस वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी. काउंटर सोडायचं, चपला काढायच्या, गाडीवर बसायचं, उजवा पाय दाबायचा. नट पुरता बसला की शेवटचा हिसका चेनीतून ब्रेकमध्ये येतो आणि तळपायाला लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही, आपोआप कळायला लागलं.

सहा-सात महिन्यांपूर्वी तो हिसका येईनासा झाला. ह्यांच्या मानेतली शीर दबलीय. हातातला जोर गेलाय, आणि गेलाय हे हाताला कळत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ह्यांनी ते कागद कपाटात सगळ्यात वर ठेवून दिले. पाण्याचा जग डाव्या हातानं उचलतात, आणि मी बघितलं की लगेच वर्तमानपत्र उघडतात. 'हात गेला तर मी कोण?' असं एकदा म्हणाले होते, तेही भिंतीकडं तोंड करून. अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

म्हणून मी बोलले नाही. घर गॅरेजच्या वरच आहे. दुपारी हे जेवायला वर गेले की 'येतेच' म्हणून मी मागं राहायची. गॅरेजातल्या कपाटातून आकड्यांचा पाना काढायचा. ठरवलेला जोर लागला की तो खट् वाजतो. जुन्या ट्यूबच्या पट्टीनं ब्रेक बांधायचा, नटाखालच्या वॉशरची दुमडलेली कड छिन्नीनं उलगडायची, नट आवळायचा, कड पुन्हा दुमडायची. मग हात धुऊन वर जायचं आणि 'आणखी वाढू का' म्हणून विचारायचं. सहा महिने हे चाललं. चोराच्या निदान हाताला काहीतरी लागतं, मी नुसती दमले.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. 'काका, पुढचा एक काढा, मागं दोन बसवा.'

'तुमच्याच धंद्यातलं काम आणलंत की,' हे म्हणाले. 'पण मी भूल देत नाही हं.'

दुसऱ्या दिवशी त्यांची शर्यत होती. काम झालं की तशाच निघणार होत्या, म्हणून मांडीवर हेल्मेट घेऊन समोर स्टुलावर बसून राहिल्या. म्हणजे मला दुपारची फट मिळणार नव्हती. घरी लहान मुलगी आहे त्यांची, मधेच तिचा फोनही येऊन गेला. नट सुटून स्प्रॉकेट निसटलं आणि चेन चाकात अडकली, तर त्या वेगात माणूस हाती लागत नाही.

मागचं चाक बसलं, चेन ताणून झाली, नट राहिला. 'ये गं,' हे म्हणाले. मी बसले, पाय दाबला. ह्यांनी लांब दांडीचा पाना लावून ओठ मिटले आणि ओढला. माझ्या पायाला काहीच लागलं नाही.

'झालं. काढ पाय.' वॉशर दुमडायला हातोडी घेतलीसुद्धा.

मी पाय काढला नाही.

'अगं, झालं म्हटलं ना?'

'नाही झालं.'

गिऱ्हाइकासमोर ह्यांचा शब्द मी कधी खाली पडू दिला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

'तुला काय कळतं त्यातलं?'

'हातातलं कळत नसेल. पायाचं कळतं. पुन्हा ओढा.'

ओढला. मान लाल झाली, खांदा थरथरला. पायाला काही नाही. मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं, असू दे, पाय काढून मोकळं व्हावं. मग ते हेल्मेट दिसलं.

'कपाटातला पाना आणा,' मी म्हटलं.

फेकून मारतात की काय असं वाटलं. पण आणला, माझ्या हातात दिला, आणि मला उतरवून स्वतः ब्रेकवर बसले. मी ओढलं. नट हलला, आणखी हलला, पाव फेरा तरी गेला असेल. मग खट् वाजलं. हिसका ह्यांच्या पायाला लागला, तो चेहऱ्यावर दिसला मला.

वॉशर मात्र ह्यांनीच दुमडला, नेहमीसारखा नीट. डॉक्टरीणबाईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गाडीचा आवाज वळणापलीकडं गेल्यावर हे म्हणाले, 'पान्यावर धूळ नव्हती.'

मी काउंटर पुसायला लागले.

'कधीपासून?'

'सहा महिने. तुम्ही जेवायला गेलात की.'

'गाड्या किती?'

'अकरा.'

'त्यातल्या ढिल्या?'

दोन म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

'नऊ.'

हे तिथंच स्टुलावर बसले. बोटं मोजल्यासारखी हलत होती. कोणकोणती गाडी आठवत असतील, असं मला वाटलं.

'नऊ माणसं,' हे म्हणाले.

सांगून टाकलं की सुटल्यासारखं वाटेल, असं मी सहा महिने समजत होते. तसं काही वाटलं नाही. ह्यांनी तो पाना फडक्यानं पुसला, कपाटाकडं गेले नाहीत, काउंटरवर माझ्या चष्म्याशेजारी ठेवला आणि जिना चढून वर गेले.