भरायला ठेवलेली पेटी

विघ्ने हरण करणाऱ्या गजाननाला आणि शब्दाला अर्थ देणाऱ्या शारदेला वंदन करून हे लिहायला घेते. निमित्त साधेच आहे. माझी नात पुढच्या आठवड्यात उच्च शिक्षणासाठी दुसऱ्या गावी राहायला जाते आहे, आणि फ्रँकफर्टच्या आमच्या घरात, दाराशीच, तिची पुठ्ठ्याची पेटी उघडी पडली आहे. येता-जाता तिला पाय लागतो आणि दर वेळी मला दुसरी एक पेटी आठवते.

तेव्हा ही नात नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. मुलगा झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात. शुक्रवारी येई, रविवारी परत जाई. आठवडाभर घरात आम्ही तिघीच. सूनबाईला त्या वसंतात या देशातली पहिली नोकरी लागली होती. फिलिपिनो लोकांच्या भेटवस्तूंच्या पेट्या बोटीने त्यांच्या मायदेशातल्या घरी पोचवणारी ती एक लहानशी कंपनी. जर्मनीत परिचारिका म्हणून राबणाऱ्या फिलिपिनी बायकांना इंटरनेटवरून आपल्या कंपनीकडे वळवायचे, हे तिचे काम. त्यासाठी तिने वेबसाइट सजवली, जाहिराती दिल्या, ईमेल धाडले.

पहिले सहा महिने मात्र प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ. या देशाची रीत अशी की, त्या काळात माणूस नको झाला तर पत्र येते. हवा असला तर काहीच येत नाही. तिचा काळ सप्टेंबरअखेर संपत होता. आयुष्यभर पत्राची वाट पाहिलेली मी, त्या महिन्यात देवापुढे बसून ‘आज टपाल नको’ अशी विनवणी करत होते.

भीतीला कारण होते. वेबसाइट बघायला बायका येत, वाचून जात, पुन्हा येत. पेटी मात्र कोणी मागवत नसे. ‘आज कळवा, परवा आमचा माणूस पेटी घेऊन येईल, भरली की लगेच नेईल’ असे तिने ठळक अक्षरांत लिहिले होते. तत्परतेचा तिला अभिमान होता, तिच्या साहेबांनाही. पण आता साहेब म्हणू लागले होते, “आल्झो, बरं तर, महिनाअखेर बघू.”

जेवताना ती दोन घास खाई आणि संगणकाकडे जाई.

“अगं, ताटावरून उठू नये.”

“आई, आजही एक नाही.”

“मामा, व्हीडर निक्स?” नात विचारी. आई, पुन्हा काही नाही? मराठी सगळे समजे तिला, पण उत्तर कायम जर्मनमधून.

आमच्या वरच्या मजल्यावर एक फिलिपिनी परिचारिका राहत असे. मला ती लोला म्हणे. त्यांच्याकडे आजीला तसे म्हणतात. गणपतीचे दिवस होते, म्हणून मोदक घेऊन आम्ही वर गेलो. तिच्या खिडकीत नाताळची चांदणी आधीच लागलेली होती.

“सप्टेंबरातच?” सूनबाईने विचारले.

“उशीरच झाला, आमच्याकडे सप्टेंबर लागला की नाताळ,” ती म्हणाली. ती आणि सूनबाई इंग्रजीत बोलत. मला तेवढे कळे. “लोला, सोफ्यावर बसा. पेटीवर नको हं, तिच्यात माझ्या भाचीचे बूट आहेत.”

सोफ्याशेजारी कमरेएवढी पेटी उघडी उभी होती. टॉवेल, साबण, कॉफी, वर ते बूट. दुसऱ्या कुठल्याशा माणसाकडून तिने ती वसंतातच आणून ठेवली होती.

“आमच्याकडून का नाही घेतलीस?” सूनबाईचा आवाज जरा दुखावलेला होता. “परवा नेलीसुद्धा असती.”

“परवा?” ती हसली. “परवापर्यंत काय भरू तिच्यात?” मग मोदक हातात घेऊन तिने पेटीकडे पाहिले. “हे टिकतात का?”

“नाही गं बाई, तूच खा,” मी म्हणाले.

जिना उतरताना सूनबाई धुसफुसत होती. “परवा नको तर शनिवारी म्हणावं. हसण्यासारखं काय होतं?” माझ्या खोलीत ताट ठेवायला आली आणि खाटेखालून बाहेर आलेल्या माझ्या बॅगेला अडखळली.

“आई, तुम्ही पुण्याला जाणार नोव्हेंबरात. ही बॅग चैत्रापासून उघडी आहे. एकदाच काय ती भरा ना.”

“अगं, काल दुकानात कात्री दिसली, तेव्हा वन्संची आठवण झाली. त्या आठवणीला काय नोव्हेंबरात ये म्हणू?”

पुढे काहीतरी बोलायला तिने तोंड उघडले, आणि तशीच खाटेवर बसली. बॅगेतली कात्री, चॉकलेटे, भावासाठी घेतलेला दाढीचा साबण तिने एकेक करून पाहिला. “आणि मी त्यांना परवा भरा म्हणतेय,” ती हळूच म्हणाली. “दरवर्षी माझ्या आईसाठी मीही हेच करते की.”

दुसऱ्या दिवशी तिने वेबसाइट मोडून नव्याने मांडली. आधी रिकामी पेटी घरपोच. घरात हवी तितकी राहू द्या. भरली की कळवा. बंद, चकचकीत पेटीचे चित्र हटवून तिथे सोफ्याशेजारची अर्धी भरलेली पेटी घातली. कामावर असताना ईमेल कोण उघडणार, म्हणून मोबाइलवर एक ओळ: नाताळला पोचायचे तर बोट कधी सुटते. साहेबांनी सगळे ऐकून विचारले, “पेट्या परत कधी येणार?”

“भरल्या की.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. थोडक्यात, ठाऊक नाही.” तरी त्यांनी करू दिले.

रिकाम्या पेट्यांची मागणी आली, चांगली आली. पण गेलेली एकही पेटी परतेना, आणि महिना सरत आला. पिवळ्या सायकलवरची टपालवाली दिसली की माझी माळ हातात थबके. देवाशी खोटे काय बोलू? बोटे मण्यांवर असत आणि कान जिन्याशी.

शेवटच्या दिवशी गुडघ्यांना न विचारता मी खाली उतरले. टपालपेटीत पिझ्झाच्या दुकानाचे एक पत्रक, बाकी काही नाही. जिवात जीव आला, आणि लगेच वाटले, पत्र हातात दिले तर? संध्याकाळी नेहमीची वेळ टळली तरी ती येईना. नातीची वेणी मी दोनदा घातली, दोनदा सोडली.

ती आली, ती बूट न काढताच भिंतीला टेकली.

“काय गं?”

“साहेब म्हणाले, बिस मोन्टाग.”

“सोमवारी भेटू? एवढंच?”

“एवढंच, आई.” मग तिला हसू आवरेना. “निघताना न्युरेम्बर्गहून एकीचा फोन आला, तो त्यांनीच घेतला. म्हणाली, पेटी भरली आहे, पण झाकण बसत नाही. जरा दणकट माणूस पाठवा.”

देवापुढे साखर ठेवून मी खोलीत आले, तर सूनबाई खाटेपाशी वाकून माझ्या बॅगेत कॉफीचा डबा बसवत होती. “तुमच्या वन्संना आवडते ना?” ती म्हणाली.

वाचकहो, तुमच्या घरातही आपल्या माणसांसाठी एखादी पेटी सदैव उघडी असो, तिच्यात रोज काही पडत राहो, आणि ती ज्यांच्यासाठी भरता ती माणसे ती उघडायला सुखरूप असोत. तुमच्या देवघरातला दिवा तेवत राहो. शुभं भवतु.