मशीनच्या मते नसलेला कॅप्टन

परवा रविवारी कात्रपला आमच्या वाचक गटात सुनंदाच्या कादंबरीवर चर्चा होती. पोटात दुखतंय असं सांगून घरीच बसावं, असं सकाळपासून मनात होतं... आणि दुखत होतंच म्हणा, पण त्या दुखण्यावर ओवा चालत नाही.

सुनंदा आणि मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत पॅकिंगला होतो. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर काढली. त्या कंपनीत लेखिका मी होते. साहेबांच्या निरोपाचं भाषण, हळदीकुंकवाच्या चारोळ्या, दिवाळी अंकात छापून आलेल्या दोन कविता... सगळं माझं. ही बाई डब्यातल्या भाजीशिवाय कशावर बोलायची नाही, आणि रिटायर झाल्यावर हिने थेट विज्ञान कादंबरी लिहिली!

कादंबरी म्हाताऱ्या अंतराळवीरांची आहे. एक जुनं अंतराळ स्थानक बिघडतं, त्याची मशिनरी नव्या पोरांना कळत नाही, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या चौघांना परत वर पाठवतात. बीपीच्या गोळ्या, कवळी, गुडघ्याचा पट्टा, सगळं घेऊन निघतात बिचारे.

लोकांना ती भयंकर आवडली. गटात नव्याने आलेल्या, कॅम्प पाच या सिंधी वस्तीतल्या कविता भाभींनी त्याआधी आयुष्यात मराठी पुस्तक हातात धरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मैंने तो दो दिन में खतम की. ससुरजींना पण वाचून दाखवली." कॉलेजच्या एका मुलीने सुनंदासोबत सेल्फी काढला. मीही हसत होते... दात दिसतील एवढंच.

पण माझं खरं दुखणं होतं चौथं प्रकरण. त्यात कॅप्टनला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो... हो, आपण दर नोव्हेंबरात देतो तोच, जिवंत असल्याचा. तो तरंगत तरंगत मशीनवर अंगठा ठेवतो. ठसा जुळत नाही. दहाही बोटं करून होतात. खाली अख्खं जग त्याला टीव्हीवर बघतंय, आणि ऑफिसातून निरोप येतो, "सर, मशीनच्या मते तुम्ही नाही आहात."

तो अंगठा माझा आहे.

दोन वर्षांपूर्वी मी कॅम्प दोनच्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात हाच दाखला काढायला गेले होते. केमिकलने माझ्या बोटांवरच्या रेषा कधीच्या गेल्यात. दुकानदाराने हात धुवायला लावले, क्रीम चोळायला दिलं, आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "आंटी, मशीन बोलती है आप हो ही नहीं." मागची रांग हसली, आणि मी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.

नंतर डोळ्यांची बुबुळं तपासणाऱ्या मशीनवर काम झालं, पण ते रडणं काही विसरता येईना. सोबत फक्त सुनंदा होती. दुकानाच्या पायरीवरच तिला म्हटलं, "कुणाला सांगितलंस तर बघ."

म्हणजे बघा... अंगठा माझा, रडणं माझं आणि टाळ्या हिला. बरं, चोरीची तक्रार करायची तर आधी स्वतःचंच हसं करून घ्यायचं. म्हणून मी तिच्या चुकांची यादी करून नेली होती. सात मुद्दे. माझी पाळी यायची वाट बघत बसले होते.

माझ्या आधी आमचे गायकर सर उठले. निवृत्त मुख्याध्यापक, गटात त्यांचा शब्द मोठा. म्हणाले, "बाकी छान आहे, पण चौथं प्रकरण पटलं नाही. इतकी वर्षं पेन्शन घेतोय मी, असं कधी होत नाही. ओढूनताणून रडवायचा प्रकार आहे." सर बँकेत जाऊन सही करतात, त्यांना कुठून माहीत असणार... पण दोघातिघांनी माना डोलावल्या. पुढच्या आवृत्तीत तेवढं प्रकरण काढा, असंही कुणीतरी सुचवलं.

खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. बरी जिरली, म्हटलं.

सगळे सुनंदाकडे बघायला लागले. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती... 'खरं घडलंय हे, ही बघा इथेच बसलीये.' ती पर्सची चेन उघडत-बंद करत राहिली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मग हळूच म्हणाली, "असेल सर... सुचलं तसं लिहिलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईचा पुरुष केला, कॅम्प दोनचं दुकान उचलून आकाशात नेलं... मला कुणी ओळखू नये म्हणून ही बाई मला पृथ्वीच्या बाहेर ठेवून आली होती. आणि आता आपलं सगळ्यात चांगलं प्रकरण खोटं ठरतंय, तरी मुकाट्याने ऐकत होती.

मी उभी राहिले. पुरावा म्हणून आधी नुसताच अंगठा वर केला. लोकांना वाटलं मी कादंबरीला लाईक देतेय... टाळ्याच वाजवल्या! मग मात्र बोलावं लागलं. "होतं सर असं. माझं झालंय," म्हटलं, आणि दुकान, रांग, रडणं, सगळं सांगून टाकलं.

कविता भाभींनी माझा हात हातात घेऊन अंगठा चाचपला. "अरे, ये तो सच में चिकना है!" गायकर सरांनी चष्मा पुसून तो निरखला आणि सुनंदाकडे वळून म्हणाले, "माफ करा बाई, माझं चुकलं."

सुनंदा मात्र माझ्यावरच चिडली. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "कशाला सांगितलंस गं? तूच नको म्हणाली होतीस ना?"

मी अजूनही जळते तिच्यावर, खोटं कशाला बोलू... दुःख माझं असून तशी चार पानं माझ्या हातून उतरली नसती, हे फार लागतं. पण माझी जी लाज मी दोन मिनिटांत सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले, ती या बाईने दोन वर्षं जपली. त्या लाजेवर अख्खं प्रकरण लिहूनसुद्धा जपली.