बैलाच्या नावाचा पासवर्ड

माझा हात लवकर उठतो, हे आमच्या आंबी गावात सगळ्यांना माहीत आहे. शाळेत एकाचा दात पाडला, पुढे तळेगावच्या स्टँडवर एका टेम्पोवाल्याची कॉलर फाडली. लोक हे हसून सांगायचे, मीही हसायचो. आता हसत नाही.

त्या दिवशी कंपनीत पाऊल टाकलं आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या ईमेलवरून सगळ्यांना एक मेल गेला होता. साहेबांना, स्टोअरमधल्या बायकांना, माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकेला. खाली लिंक, आणि ती दाबली की घाणेरडी चित्रं. "हे तुम्ही पाठवलंत?" चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं त्यांनी सांगितलं. गेटवरच्या वॉचमननेही मान फिरवली.

मोटारसायकलवर डोक्यात एकच घोळत होतं, पासवर्ड कुणाला माहीत? पासवर्ड म्हणजे आमच्या शर्यतीच्या बैलाचं नाव. (ते इथे लिहीत नाही, उशिरा का होईना, अक्कल आली.) खातं उघडताना चुलतभाऊ शेजारी बसला होता, त्यानेच ते सुचवलं होतं. बैलही त्यानेच वासरापासून वाढवलेला. आणि पंधरा दिवसांपूर्वी शर्यतीत, सगळ्या गावादेखत, मी त्याला बैलापासून ढकलून बाजूला केलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. झालं, माझा चोर मला सापडला.

तो गोठ्यात कुट्टी टाकत होता. मी विचारलंसुद्धा नाही. डाव्या कानाखाली अशी वाजवली की तो गव्हाणीवर आदळला. ओठ फुटला. उठायला लागला तर पोटात लाथ घातली, मग खुंटीवरचा कासरा ओढून झोडपायला लागलो. बैल बिथरून दाव्याला हिसके देत होता.

"दादा, मारू नगं! म्या काय केलं ते तरी सांग!"

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"कुणालाच न्हाई दिला, आईची शपथ!"

शपथ ऐकून मी आणखी भडकलो. खरं सांगतो, मारताना बरं वाटत होतं. तो माझ्याहून धट्टाकट्टा, पण मोठ्या भावावर हात उचलायचा नाही म्हणून नुसतं डोकं झाकून पडून राहिला. शेवटी त्याची आई, माझी चुलती, धावत आली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. तेव्हा कासरा सुटला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला बोलावलं, तेव्हा कंपनीत कॉम्प्युटर बघणाऱ्या बाईंनी माझं खातं माझ्यासमोर तपासलं. चार दिवसांपूर्वीचा एक मेल दाखवला. तुमच्या खात्यातली जागा संपली, आज पासवर्ड भरला नाही तर खातं बंद होईल. मला आठवलं. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने भाकरी खात, दुसऱ्या हाताने मीच तिथे बैलाचं नाव टाइप केलं होतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकलेलं होतं.

"पासवर्ड तुम्हीच दिलात की हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी नवा लांबलचक पासवर्ड टाकायला लावला, मोबाइलवर कोड आल्याशिवाय खातं उघडणार नाही अशी सोय केली. माझे मेल परस्पर कुठल्याशा पत्त्यावर जात होते, तेही बंद केलं. नोकरी वाचली.

संध्याकाळी चुलत्याच्या घरी गेलो. सोमाटण्याच्या डॉक्टरांनी चुलतभावाच्या कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं होतं. तो ओट्यावर बसला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला बसून पुटपुटलो, "चुकलं माझं."

"काय?"

"चुकलं माझं. तुझा काय बी दोष न्हवता."

"मोठ्यानं बोल, दादा. ह्या कानानं ऐकू येत न्हाई."

तो टोमणा मारत नव्हता. मी जीव खाऊन ओरडलो, "चुकलं माझं!"

आतून चुलती पिठाच्या हातांनी पळत आली. काही न विचारता आमच्या मधे आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्यांदा मारू नगं रं त्याला."