बसखालचे बूट

हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो. त्यातली दोन गेली होती. पाऊस धो धो कोसळत होता, आमची टीम एका गोलने मागे होती आणि चिखलाने माखलेले चौदा गडी बसच्या दारात भिजत होते. मी पायरीवर आडवा उभा होतो.

"बूट," मी म्हणालो.

"गॅझ, आजचा दिवस सोड," ट्रेसीबाई म्हणाल्या.

"बूट," मी परत म्हणालो.

ट्रेसीबाई म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या नव्या हेड कोच. गॅझ म्हणजे मी. माझं नाव गणपत, पण इथे ऑस्ट्रेलियात पुरं नाव घ्यायला कोणाला वेळ नसतो. मुलगा वॉलॉंगॉंगला नोकरीला लागला, पर्मनंट झाला आणि त्याने आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. मला घरात बसवेना. शिक्षण चौथीपर्यंत, पण हातात स्टिअरिंग तीस-पस्तीस वर्षं. कोल्हापुरात आधी ट्रक चालवला, मग लग्नाच्या वऱ्हाडाच्या लक्झऱ्या. इथलं मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि एका छोट्या कॉलेजची बस धरली. शनिवारी फुटबॉलची टीम न्यायची. फुटबॉल मला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्याकडे पेठापेठांच्या तालमींच्या टीमा आहेत आणि मॅच हरली की घरात दोन दिवस चूल धड पेटत नाही.

बुटांचा नियम माझा. फुटबॉलच्या बुटांना खाली खुंट्या असतात, त्यांना स्टड म्हणतात. त्यांत गवत, माती, सगळं मैदान अडकून येतं. मी स्वतः अनवाणी गाडी चालवतो. गाडी आपली लक्ष्मी आहे, तिच्यात चिखल घेऊन चढायचं नाही. जुना कोच ऐकायचा. पोरं सपाता घालून यायची आणि मैदानावर बूट चढवायची.

मग कोविड आला. सीझन उशिरा सुरू झाला, तोही कापून. हात मिळवायचे नाहीत, पाण्याची बाटली ज्याची त्याची. बसमध्ये एक सीट सोडून एक सीट, मधल्या सीटवर फुली. आणि बस पुसायची जबाबदारी ड्रायव्हरची. हे आमच्या ट्रान्सपोर्टच्या साहेबांनी, ग्लेनने, मला वाचून दाखवलं. म्हणजे माझ्या नियमाला सरकारी शिक्का बसला.

मैदानावरच्या चेंजिंग रूमना मात्र कुलूप लागलं. कोच हाफटाइमला पोरांना आत नेऊन समजावतो, ती जागाच गेली. ट्रेसीबाईंनी बस धरली. नियमात चेंजिंग रूम बंद होती, बसचं नाव नव्हतं. बाई हुशार. एक लोखंडी बोर्ड आणि त्यावर चिकटणाऱ्या चकत्या, एक चकती म्हणजे एक खेळाडू. तो बोर्ड त्यांनी ड्रायव्हरच्या सीटमागे टांगला. मला न विचारता.

पहिल्याच मॅचला आमचं वाजलं.

"मॅच डेला ही बस माझी," बाई म्हणाल्या.

"किल्ली ज्याच्या खिशात, बस त्याची," मी म्हणालो.

प्रकरण ग्लेनकडे गेलं. ग्लेन दोघांचं ऐकून म्हणाला, "मेट," म्हणजे इथल्या भाषेत दोस्ता, "तुमचं तुम्ही बघा," आणि चहाला गेला. शेवटी बोर्ड राहिला आणि बूट बाहेर राहिले. पण हाफटाइमची तीन-चार मिनिटं नाड्या सोडण्या-बांधण्यात जायची आणि बाई प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहून घड्याळावर टिचकी मारायच्या.

तर त्या दिवशी. शेवटची लीग मॅच होती. मैदान समुद्राला लागून, पलीकडे पोलादाच्या कारखान्याचा धूर. कोविडमुळे फी भरणारी परदेशी पोरं येईनात म्हणून कॉलेजचा खजिना आटला होता. ग्लेनने स्पष्ट सांगितलं होतं, टीम सेमीफायनलला गेली तर पुढच्या वर्षी ठेवतील, नाहीतर बंद. सेमीला जायला मॅच बरोबरीत सुटली तरी पुरे होती. टीम गेली की बाईंची नोकरी गेली. टीम गेली की शनिवारची बस गेली आणि मी परत सोफ्यावर, हिच्या मालिकांसमोर. त्यामुळे बाईंना जेवढा घोर होता तेवढाच मलाही होता. पण घोर आहे म्हणून चिखल आत घेत नाहीत.

"काका, हे काय देऊळ आहे का?" ओंकार म्हणाला. हा आमचा गोलकीपर, पुण्याचा.

"देवळापेक्षा बरं. इथून बूट चोरीला जात नाहीत," मी म्हणालो. "बसखाली ठेवा, भिजणार नाहीत. मागच्या चाकाच्या पुढ्यात लागून सुरू करा आणि नीट आडव्या रांगेत आतल्या बाजूला जा."

कॅप्टन आणि दोघे फॉरवर्ड पहिले आले. फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारे. त्यांचे बूट चाकाला लागून. मग बाकीचे. सगळ्यात शेवटी तीन राखीव खेळाडू, त्यांचे बूट रांगेच्या टोकाला, बसच्या मधोमध.

आत काचांवर वाफ धरली. बाई चकत्या सरकवत होत्या. तेवढ्यात काचेवर थाप पडली. पिवळ्या कोटातला मैदानाचा माणूस. बस गेटच्या तोंडाशी आहे, अॅम्ब्युलन्सची वाट अडली, थोडी पुढे घे.

मी बाईंकडे पाहिलं.

"घे पुढे, माझं बोलणं थांबणार नाही," बाई बोर्डावरून नजर न काढता म्हणाल्या.

मी आरसे पाहिले. डावा, उजवा, मधला. सगळं साफ. फर्स्ट टाकला. मागचं चाक कशावर तरी चढलं आणि उतरलं. कडकड असा आवाज आला, पापडाच्या डब्यावर कोणी बसावं तसा.

मग ओंकारने विचारलं, "काका, इथे स्पीडब्रेकर होता का?"

खाली उतरून पाहिलं. तीन जोड सपाट. कॅप्टनचा एक बूट तर घडी घालून खिशात ठेवता आला असता. स्टड तुटून गवतात पसरले होते. राखीव खेळाडूंचे जोड कोरडे, जसेच्या तसे.

दुसऱ्याचे बूट घालून बघितले, मापं जमेनात. कॅप्टन साधे, बिनस्टडचे जॉगर बूट घालून मैदानात दोन पावलं पळाला आणि घसरून खाली बसला.

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. त्या एवढंच म्हणाल्या, "बूट कोणाकोणाकडे आहेत?"

आत जाऊन त्यांनी बोर्डावरच्या तीन चकत्या काढल्या आणि तीन लावल्या. त्यांतला एक बेन. हा केमिस्ट्रीत पीएचडी करणारा थोराड गडी, चष्मा दोरीने बांधून खेळायचा. बाईंनी त्याला सीझनभर बाहेर गेलेले बॉल आणायला ठेवलं होतं. बेनबद्दल माझं आणि बाईंचं पूर्ण एकमत होतं. तेवढी एकच गोष्ट आमच्यात जमायची.

"बेन, तू फक्त त्यांच्या गोलसमोर उभा राहा," बाई म्हणाल्या.

"आणि काय करू?"

"काही करू नकोस."

बेनने ते मनावर घेतलं. उभा राहिला. समोरच्या टीमने मात्र त्याच्याभोवती दोन माणसं लावली, कारण एवढा मोठा माणूस एवढा निवांत उभा आहे म्हणजे काहीतरी डाव असणार. बाकीच्यांना थोडी मोकळी जागा मिळाली. तरी गोल काही होईना. मी पावसात उभा राहून मराठीत ओरडत होतो. कॅप्टन माझ्या शेजारी मोज्यांवर उभा होता आणि माझ्याशी बोलत नव्हता.

शेवटी शेवटी आम्हाला कॉर्नर मिळाला. कोपऱ्यातून बॉल उंच आला. बेनने चष्मा पुसायला मान खाली घातली आणि बॉल त्याच्या पाठीवर आपटून आत गेला. कुठे गेला हे त्याला ओंकारने पळत येऊन सांगितलं.

एक-एक. मॅच सुटली. टीम सेमीला गेली.

सेमीत आम्ही सडकून मार खाल्ला, ते सांगण्यासारखं नाही. पण कॉलेजने शब्द पाळला, टीम राहिली, बाई राहिल्या, तिघांना नवे बूट मिळाले. ग्लेनने मला बोलावून विचारलं, चूक कोणाची. मी म्हणालो, गाडी घे म्हणणारा पिवळा कोटवाला, घे म्हणणाऱ्या बाई, मी फक्त घेतली. ग्लेन उठला आणि चहाला गेला.

पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचला बाई येताना प्लास्टिकची मोठी चटई घेऊन आल्या. बसच्या दाराबाहेर, चाकांपासून लांब अंथरली. त्या दिवशी ग्लेन तपासणीला आला होता. तो चिखलाच्या बुटांनी थेट पायरीवर चढला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"बूट, मेट," ट्रेसीबाई म्हणाल्या.

ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळावर टिचकी मारली. त्याने वाकून नाड्या सोडल्या. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भलंमोठं भोक होतं, ते सगळ्या टीमने पाहिलं.

तेव्हा दोन गोष्टी. गाडी हलवण्याआधी वाकून खाली बघावं. आणि दुसऱ्याच्या गाडीत चढायचं असेल तर मोजे धड घालून यावं.