यजमान कोण?

कंपनीत भंगार आणि किस्से, दोन्ही रोज साठतात. भंगार शनिवारी टेम्पो येऊन उचलून नेतो. किस्से मात्र हजेरी-रजा बघणाऱ्या आमच्या टाइम ऑफिसातच पडून राहतात, आणि मी इथली जुनी क्लार्क असल्यामुळे ते सांभाळायचं काम माझ्याकडे!

गेल्या सहा महिन्यांतले बहुतेक सगळे सुरेखाताईंचे आहेत. ताई केंदूरच्या. शिक्रापूरच्या आमच्या या कारखान्यात पंधरा वर्षं प्रेस मशीन चालवली. जुने सुपरवायझर सोडून गेले तेव्हा मॅनेजर साहेबांनी त्यांना चार्ज दिला, पण अट घालून. "सहा महिने बघू. लाइनवरच्या लोकांनी तुमचं ऐकलं तर परमनंट, नाहीतर परत मशीनवर." पुरुषाला चार्ज देताना ही अट मी कधी ऐकली नव्हती. मला तर असा राग आला होता!

ताई घरी पेढे घेऊन गेल्या. सासूबाईंनी विचारलं, "सुपरवायझर म्हंजी काय करायचं गं?"

"मशीन न्हाई चालवायचं आता. उभं राहून दुसऱ्यांकडून काम करून घ्यायचं. चुकलं तर बोलायचं."

सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला. "एवढंच? ह्ये तर मी घरात फुकट करती की!"

सुपरवायझरचा निळा कोट स्टोअरला एकच शिल्लक होता, सोडून गेलेल्या साहेबांचा. साहेबांचं पोट सगळ्या कंपनीत प्रसिद्ध. ताईंनी तो घातला तर बाह्या चार घड्या घालूनही बोटांवर येत होत्या. लाइनवरचा बिहारचा राजेश हसू दाबत म्हणाला, "मॅडम, इसमें तो दो सुपरवायझर आ जायेंगे!"

"आने दो," ताई म्हणाल्या, "काम भी दो का ही करना है!"

मग कस्टमरकडचे ऑडिटर आले. टाय, बॅग, सगळा थाट. ताई मशीनजवळ उभ्या होत्या. कोट त्या दिवशी धुवायला गेलेला. ऑडिटर साहेब त्यांना म्हणाले, "चहा नंतर आणा मावशी, आधी सुपरवायझरला बोलवा."

"बरं," म्हणून ताई गेल्या. टेबलावरचं सुपरवायझरचं पांढरं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हातात रिपोर्टची फाइल घेतली आणि परत येऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"सुपरवायझर आल्यात. चहा आता घेणार का नंतरच?"

साहेबांनी त्या दिवशी चहाच घेतला नाही.

आता मामा. मामा वरवंडचे, शिक्रापुरात खोली करून राहतात आणि सुट्टीला गावी जातात. लाइनवर सगळ्यात सीनियर, ताईंनाही मशीन त्यांनीच शिकवलेलं. चार्ज आपल्याला मिळणार असं ते धरून चालले होते. त्यामुळे बाईच्या सहीची रजा घ्यायची नाही, असा त्यांनी पणच केला. पण भावकीतलं लग्न काही चुकवता येईना. शेवटी रविवारी गावाहून ताईंना मामींचा फोन आला.

"बाई, आमच्या ह्यांना उद्या सुट्टी पायजे."

"मामी, मामा कुठं हायत?"

"हितंच बसल्यात की शेजारी. म्हंत्यात, मी न्हाई मागायचो."

"बरं, दिली रजा," ताई म्हणाल्या.

मंगळवारी मामा माझ्या खिडकीशी तणतणत आले. "मला गैरहजर कुणी लावलं? रजा मंजूर झालीया माझी!"

मी ताईंची चिठ्ठी पुढे केली. त्यावर लिहिलं होतं, 'रजा मामींनी मागितली, मामींना मंजूर.'

पुढच्या खेपेला मामा स्वतः फॉर्म घेऊन ताईंकडे गेले. तोंड मात्र मशीनकडे ठेवलं होतं.

आणि मग खंडेनवमी आली. सहा महिने त्याच आठवड्यात भरत होते. आमच्याकडे मशीनची पूजा सुपरवायझरच्या हातची असते, जोडीनं. तो यजमान, त्याची बायको शेजारी. त्या दिवशी कोण बसतं त्यावरून लाइन कुणाला मानते ते कळतं, आणि मॅनेजर साहेब नेमके तेच बघायला हात मागे बांधून उभे होते.

पूजेची मांडामांड दरवर्षी मामांची. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, "पूजा जोडीनंच व्हणार. आन् मान गड्याचा!" म्हणून केंदूरहून ताईंच्या मिस्टरांना बोलावणं गेलं. त्यांची झेंडूची शेती. दसऱ्याच्या तोंडावर माल तोडायचा सोडून बिचारे आले, येताना मशीनला माळाही घेऊन आले. मामांनी त्यांना हाताला धरून यजमानाच्या पाटावर बसवलं. ताई शेजारच्या पाटावर बसल्या.

गुरुजींनी पळी भरली. "यजमान, हातावर पाणी घ्या."

मिस्टरांनी हात पुढेच केला नाही.

"यजमान कोण?" गुरुजींनी विचारलं.

"ह्या," मिस्टर ताईंकडे बोट करून म्हणाले. "सुपरवायझर ह्या हायत. मी ह्यांची मंडळी."

अख्ख्या लाइननं मामांकडे बघितलं. राजेशला काही कळलं नाही, पण त्यानंही बघितलं. साहेबही मामांकडेच बघत होते. मामांच्या हातात नारळ होता. त्यांनी एकदा ताईंकडे बघितलं, एकदा मिस्टरांकडे.

"मग पाव्हणं," मामा खेकसले, "यजमानाच्या पाटावर काय बसलाय? सरका पलीकडं!"