आवाज दारापर्यंत

सरकारी वकील धोटेसाहेब कोर्ट भरायच्या आधी रिकाम्या कोर्टात जाऊन दाराशी उभे राहायचे. साक्षीदाराला समोरच्या पिंजऱ्यात उभं करायचे आणि तिथून विचारायचे, "सांगा, नाव काय तुमचं?" साक्षीदार नाव सांगायचा. साहेब कानामागे हात धरायचे. "नाही आलं बापा इथवर. अजून एक डाव." आवाज दारापर्यंत आला की मान हलवायचे आणि खोलीत परत यायचे. साक्षीदाराची एवढीच तयारी ते करून घेत.

मी पहिल्यांदा त्या पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा ते सहा वेळा म्हणाले, अजून एक डाव. माझा आवाज कठड्याच्या पुढे जाईना. सातव्या वेळी ते म्हणाले, "बाई, तुमचं नाव चिमणीनं नेलं काय?" मला हसू आलं आणि हसता हसता 'शांता' असं तोंडातून निघालं. ते दाराशी आपटून आल्यासारखं मला परत ऐकू आलं. माझं स्वतःचं नाव मी इतक्या मोठ्याने कधी घेतलं नव्हतं.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट आहे. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. माझं माहेर धनजकडचं. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू आणि नवरा अशी दोनच माणसं होती. सासरे मी यायच्या कितीतरी आधी वारले होते. नवरा कापसाच्या दिवसांत कारंज्याला जिनिंगमध्ये कामाला जायचा. मग वावर आम्हा दोघींवर. वावरात जायला एकच पायवाट होती, शेजारच्या मोठ्या विहिरीवाल्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. त्या वर्षी त्याने ती वाट नांगरून टाकली. सासू म्हणाली, "वाट काय त्याच्या बापाची हाय? मी या घरात आली तवापासून चालून राह्यली." आणि ती चालत गेली. मी भाकरीचं टोपलं घेऊन थोडी मागे होते. त्याने काठी उचललेली मी पाहिली आणि सासूचा हात मोडल्याचा आवाजही ऐकला.

गावच्या कोतवालाला घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, कोणी मारलं? सासू म्हणाली, मोठ्या विहिरीवाल्यानं. त्याचं नाव? सासूने तोंडाला पदर लावला. मला विचारलं, मी खाली पाहिलं. कोतवालालाही गावातच राहायचं होतं, तो म्हणाला, "मी काही पाह्यलं नाही बा." हवालदाराने लिहिलं, मोठ्या विहिरीवाला इसम. पुढे चौकशीत त्याला धरलं, कागदावर त्याचं नावही आलं. पण आम्हा दोघींच्या तोंडचं ते नव्हतं.

मग तारखा सुरू झाल्या. आरोपीचा भाऊ अंगणात येऊन बसायचा. "बुढे, काहून कोर्टाच्या पायऱ्या घासतं? समेट कर. वाटेचं पाहू मंग." सासू गळ्यात बांधलेला हात धरून म्हणायची, "आधी वाट दे, मंग समेट." तो निघून जायचा, पण रात्रभर मला झोप यायची नाही. तोवर आम्ही नाल्याकडून वळसा घालून गुडघाभर चिखलातून वावरात जात होतो. मोठ्या विहिरीवाला सुटला असता तर त्या धुऱ्यावर पाय ठेवायची हिंमत आम्हाला पुन्हा झाली नसती. वावर असून नसल्यासारखं झालं असतं.

धोटेसाहेबांची खोली कोर्टाच्या मागच्या बाजूला होती. बाहेर लाकडी पाटी होती. चौथीपर्यंत शिकले असल्याने मी ती वाचत बसायचे. आत गेलं की ते आधी काळा कोट काढून खिळ्याला अडकवायचे. "हा कोट मले कोर्टासाठी हाय, तुमाले भेवाडासाठी नाही." मग कोपऱ्यातल्या माठातलं पाणी स्वतःच्या हाताने द्यायचे. पाणी पिऊन होईपर्यंत खटल्याची गोष्ट काढायचे नाहीत. कोणी म्हणालं, साहेब, काय बोलायचं ते शिकवून ठेवा, की रागवायचे. "पढवलेली साक्ष म्हणजे पोळ्याच्या बैलाचा रंग. पह्यल्याच सरीत धुऊन जाते. जे पाह्यलं ते सांगा. जे नाही पाह्यलं ते नाही पाह्यलं म्हना."

बायांना पिंजऱ्यात पूर्ण नाव सांगताना नवऱ्याचं नाव घ्यावं लागे. त्याचीही त्यांनी सोय करून ठेवली होती. "तुमी तुमचं सांगा. नवऱ्याचं कारकून समन्सावरून लिवून घेते." इतका बारीक विचार करणारा माणूस. पण एके दिवशी तोच आमच्यावर भडकला.

त्या तारखेला पोहरादेवीच्या यात्रेमुळे एस. टी. गाड्या माणसांनी भरून येत होत्या. थांबतच नव्हत्या. आम्ही पायी निघालो आणि पोचलो तेव्हा तारीख पुढे गेली होती. साहेब आमच्या तक्रारीचा कागद वाचत बसले होते. म्हणाले, "इतकी वर्सं एका गावात राह्यता, आन् त्याचं नाव सांगितलं नाही? तिकडचा वकील यावरच सारी केस पाडन. समेट केला काय? आज आल्या बी उशिरा."

सासूचे पाय धुळीने भरले होते. ती उभीच राहिली. "समेट करासाठी दहा मैल पायी येते का कोनी?" एवढंच बोलली.

साहेब कागद पुन्हा वरून वाचायला लागले, मोठ्याने. "तुळसाबाई भ्रतार…" आणि पुढचं नाव त्यांनी वाचलं. ते कोतवालाने हवालदाराला सांगितलं होतं. ते ऐकताच सासूने पदर डोळ्यांपर्यंत ओढला. मीही मान खाली घातली. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, मग चौकशीच्या कागदावरच्या आरोपीच्या नावाकडे, मग परत वर. माझ्या सासऱ्याचं आणि त्या माणसाचं नाव एकच होतं. सासूला ते नवऱ्याचं नाव, मला सासऱ्याचं. ते घ्यायचं कसं? आमच्या घरात त्या नावाचा देवसुद्धा दुसऱ्या नावाने पुजला असता.

साहेबांनी दोन्ही हात जोडले. "चुकलो, माय. इतक्या बायांले नवऱ्याच्या नावातून सोडवलं, आन् हे मले दिसलं नाही. मायी घरवाली बी मले तीस वर्सं झाली, 'आयकलं काय' म्हनूनच हाक मारते."

सासू पदराआडून हसली. "मंग तुमी आयकता काय?"

"नाही आयकत. म्हनून त मोठ्यानं म्हनते."

मी भीत भीत विचारलं, "आता कोर्टात काय सांगू साहेब?" त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे केला. "ते मी नाही सांगनार. पन एक ध्यानात ठेवा. खऱ्या साक्षीत लाज बी खरी असते. ते लपवाची गरज नाही."

साक्षीच्या दिवशी सासूला आधी बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. माझी पाळी आली तेव्हा ती आत दाराजवळच्या बाकावर बसलेली दिसली. हात जुळला होता, पण वाकडा जुळला होता. साहेबांनी मला विचारलं तेवढं मी सांगितलं. वाट, टोपलं, काठी. मारणारा कोण म्हटल्यावर बोट दाखवलं.

मग तिकडचा वकील उठला. "बाई, पोलिसांना तुम्ही नाव सांगितलं नाही. म्हणजे मारणारा कोण हे तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत होतं."

"मोठ्याने बोला," न्यायाधीश म्हणाले.

"माहीत होतं," मी म्हणाले, पण ते कठड्यातच राहिलं.

"माहीत होतं तर घ्या ना नाव! की नंतर कोणी शिकवलं?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या कागदात पाहत होते. मान वर करतील, डोळ्याने काही सांगतील असं वाटलं, पण त्यांनी केली नाही. मग मी दाराकडे पाहिलं. सासूने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान हलवली, अगदी साहेब हलवायचे तशी.

"सखाराम," मी म्हणाले. "सखाराम त्याचं नाव. माझ्या सासऱ्याचं बी हेच नाव. माय घेत नाही, म्हनून मी बी घेत नाही. आज घेतलं."

मग साहेब उठले आणि तक्रारीची पहिली ओळ न्यायाधीशांपुढे धरली. तिथे सासूच्या नावापुढे, भ्रतार लिहून, तेच नाव होतं. आम्ही ठाण्यात गेलो त्याच दिवशीचं. तिकडच्या वकिलाने आणखी काही विचारलं, पण त्याचा जोर गेला होता.

परत येताना सासू माझ्या पुढे पुढे चालत होती. मला वाटलं, रागावली. नाल्याजवळ आल्यावर म्हणाली, "पोरी, तुया सासऱ्याले बरं वाटलं असन आज. तो गेल्यापासून त्याचं नाव कोनी मोठ्यानं घेतलंच नवतं."

त्या माणसाला शिक्षा झाली. शिक्षेपेक्षा आम्हाला हे मोठं वाटलं, की पेरणीच्या आधी त्याच्या भावाने स्वतः धुऱ्यावरची वाट मोकळी करून दिली. सासू पहिल्या दिवशी त्या वाटेने उगाच तीनदा जाऊन आली.

खटला चालू असताना आम्ही साहेबांसाठी एकदा हुरड्याची कणसं नेली होती. त्यांनी एक कणीस नाकाला लावलं आणि परत दिलं. "केस संपल्यावर आना. मंग पाहा कसा खातो." पुढच्या हंगामात आम्ही घेऊन गेलो. त्यांनी कोट काढला आणि उभ्या उभ्या सगळा हुरडा खाल्ला. कारकुनालाही दिला नाही. त्यानंतर वर्षभरात त्यांची बदली झाली.

पुढे गावातल्या तीन बायांना मी कोर्टात घेऊन गेले. बोलायला मला अजूनही जड जातं. पण निघायच्या आधी मी त्यांना आमच्या मधल्या खोलीत उभं करायचे, स्वतः दाराशी जायचे आणि नाव विचारायचे.

मागच्या महिन्यात कळलं, साहेब गेले. म्हातारे होऊन, घरच्या माणसांत गेले. इतकी वर्षं मी त्यांना साहेबच म्हणत आले. मोठ्या माणसाचं नाव कसं घ्यायचं? पण पाटीवरचं नाव मला पाठ होतं. त्या दिवशी मी मधल्या खोलीत उभी राहिले आणि म्हणाले, नारायण धोटे. आवाज घोगरा आला. मी पाणी प्याले आणि अजून एक डाव म्हणाले.

अंगणात सून ज्वारी पाखडत होती. ती सूप खाली ठेवून दारात आली. "माय, कोनाले हाक देल्ली?"