सहा अक्षरं आणि तेविसावा तारा

आमच्या काळेवाडीच्या घरात राजाचं तोंड असलेली वस्तू आणायची म्हणजे आधी पप्पांना उत्तर द्यावं लागतं. ते कामगार संघटनेत होते. कंपनीच्या गेटवर वाटायची पत्रकं तेच लिहायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. मी पहिली ब्रिटिश पेनी आणून टेबलावर ठेवली तेव्हा चहाचा कप सरकवून ते म्हणाले, “पोरी, यांना घालवायला लोकांनी लाठ्या खाल्ल्या. तू परत घरात आणतेस?”

“पुरावा म्हणून आणलाय, पप्पा. मालकाच्याच सहीचा कागद हाती लागला की तुम्ही किती खूश व्हायचा?”

ते हसले नाहीत, पण भिंग मागितलं. राजाच्या डोक्याभोवती गोल फिरणाऱ्या लॅटिन अक्षरांत शेवटी सहा अक्षरं होती : IND IMP, इंड इम्प. म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. लंडनमधला माणूस त्या पेनीनं पाव विकत घ्यायचा आणि दर पावागणिक आपला देश एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचा. मला त्या सहा अक्षरांचा राग आला, आणि त्या रागातूनच हा छंद लागला.

नाणी ओळखायला मात्र राग पुरत नाही. ते मला काकांनी शिकवलं. काका म्हणजे एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. आकुर्डीत त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही दहा-बारा नाणेवेडे जमतो. मी निघोजेच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते, त्यामुळे व्यास-जाडी मोजायचा व्हर्नियर हातातलाच. “आधी व्यास, मग वजन, मग कड, मग अक्षरं,” काका सांगायचे. “चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा फसवतो.”

त्यांचा जीव स्विस नाण्यांवर. तिकडच्या फ्रँकवर राजा नाही. भाला आणि ढाल घेऊन एक बाई उभी असते, आणि तिच्याभोवती तारे. दोन नाणी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मला दोन्ही सारखीच दिसली.

“बाईकडे काय बघतेस? तारे मोज.”

एकावर बावीस, दुसऱ्यावर तेवीस. तिथल्या एका भागातल्या लोकांना आपलं वेगळं राज्य हवं होतं. त्यांनी मतदान करून ते मिळवलं, आणि दर राज्याला एक तारा म्हणून काही वर्षांनी नाण्याच्या साच्यात एक तारा वाढला. हे सांगताना काकांचा चेहरा स्वतःच मत दिल्यासारखा फुलला होता.

यंदा गटाच्या प्रदर्शनात मला पहिल्यांदाच स्वतंत्र टेबल मिळालं. मी पेन्या मांडायचं ठरवलं आणि सोबत ठेवायचं कार्ड एका बैठकीत लिहून काढलं. त्यातलं मुख्य वाक्य होतं : ‘स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी इंग्रजांनी आपल्या नाण्यावरून हिंदुस्थान पुसला.’ आणि शेवटचं : ‘ही अक्षरं राजानं काढली नाहीत, लोकांनी काढायला लावली.’

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे लेबल आहे की पत्रक?”

“दोन्ही.”

“प्रदर्शनात राजकारण नको. कार्ड काढ, नाहीतर टेबल दुसऱ्याला देतो.”

“मग तुमचा तेविसावा तारा काय आहे, काका? हळदीकुंकू?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. काका हसले नाहीत. “तो तारा नाण्यावर आहे. कुणीही मोजावा. तुझ्या कार्डावरचं एकेक वाक्य मला नाण्यावर दाखव आणि खुशाल ठेव.”

घरी येऊन मी तणतणले. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर बोलला तो माणूस. पत्रकात एक ओळ चुकीची छापली की मालक तेवढीच धरतो आणि बाकी सगळं केरात टाकतो. आम्ही गेटवर दाखवता येईल तेवढंच लिहायचो. दाखव बघू मला.”

मी डबा उपडा केला. सत्तेचाळीस सालची पेनी काढली. त्यावर सहाही अक्षरं होती. अठ्ठेचाळीसची काढली. त्यावरही. वर्ष पुन्हा वाचलं, नाणं फिरवून पुन्हा वाचलं. देश स्वतंत्र झाला होता आणि तो बाबा नाण्यावर अजून आमचा सम्राटच होता.

“पुसला म्हणे!” पप्पा म्हणाले.

माझं वाक्य खोटं होतं, आणि खरी गोष्ट माझ्या वाक्यापेक्षा जास्त संतापजनक होती. आता मला एकोणपन्नासची पेनी हवी होती, त्यावर काय आहे ते डोळ्यांनी बघायला. नेटवर फोटो होते, पण फोटो टेबलावर मांडता येत नाही. गटात कुणाकडे ती नव्हती. मग सुट्टीच्या दिवशी मी चिखलीकडची भंगाराची दुकानं धरली. जुनी घरं रिकामी करताना कुणाच्या तरी आजोबांनी बोटीवरून आणलेली नाणी डब्यासकट तिथे येतात.

तिसऱ्या खेपेला एका दुकानदारानं मला लांबूनच ओळखलं. “ताई, राजा पाहिजे का राणी? आमच्याकडं दोघंबी तांब्याच्या भावानं.”

“एकोणपन्नासचा राजा पाहिजे.”

“वरीस बघून भंगार घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं बगा,” म्हणत त्यानं नाण्यांचं घमेलं पुढ्यात ओतलं. हात काळे होईपर्यंत चाळलं. मिळाली. अक्षरं अंगठ्यानं चाचपत गेले. जिथे इंड इम्प यायला हवं होतं, तिथे ते नव्हतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नासच्या पेन्या शेजारी शेजारी मांडल्या आणि वर भिंग बसवलं. नवीन कार्डावर लिहिलं होतं : ‘अठ्ठेचाळीस सालच्या पेनीवरही इंग्लंडचा राजा हिंदुस्थानचा सम्राट आहे. एकोणपन्नासच्या पेनीवर नाही.’ खाली शेवटचं वाक्य होतं तसंच.

काका आले, वाकले आणि एकेक अक्षर भिंगातून तपासत राहिले. “हे बरोबर. हेही बरोबर.” मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. “लोकांनी काढायला लावली, हे कुठे आहे?”

नाण्यावर ते नव्हतं. मी कात्री घेतली आणि ती ओळ कापून काढली.

काकांना वाटलं, मिटलं. मिटलं नव्हतं. दिवसभर मी खुर्चीवर टेकले नाही. भिंगातून डोकं वर काढणाऱ्या प्रत्येकाला मी विचारलं, “ही अक्षरं कुणी काढली असतील?” आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं. काका दोनदा मागे येऊन उभे राहिले. पाच वाजता ते किल्ल्या वाजवत आले.

“कार्डावरून काढलंस ना ते वाक्य?”

“कार्डावरून काढलं.”

“हॉल बंद करायचाय.”

“अजून दोघं रांगेत आहेत, काका,” मी म्हणाले आणि भिंग पुढच्या बाईंच्या बाजूला वळवलं.